अकरा दिवसांची हजेरी

आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकात मी आजवर एक ओळ लिहिलेली नाही. या वर्षी संपादकांचा फोन आला. मागच्या ऑक्टोबरात तुम्ही वडिलांना घेऊन मिशिगनच्या पार वरच्या टोकाला गेला होतात, फोटो फार सुंदर होते, पानगळीत कुणाला जायचं असेल तर उपयोगी पडेल असं काहीतरी लिहा, म्हणाले. राहायचं कुठं, खायचं काय, बघायचं काय. मी बरं म्हणालो.

ते लिहितोच. पण फोटोत दिसत नाही तेही लिहिणार आहे. बोलून सांगायला गेलो तर जमत नाही. वर्षभर प्रयत्न करून पाहिला.

आधी थोडं मागचं. माझे वडील, नाना, एकोणऐंशी वर्षांचे. कराडला एकटे राहतात. आई गेल्यावर मी त्यांचं ग्रीन कार्ड काढलं. त्यांना नको होतं. "असू द्या हो नाना, कागद आहे, कधी लागला तर," असं म्हणून मी सह्या घेतल्या. तेव्हापासून दर एप्रिलात ते डेट्रॉइटजवळ ट्रॉयला आमच्याकडे येत आणि मी त्यांचे दिवस मोजत असे. आमच्या ओळखीत एक देसाई काका आहेत, चाळीस वर्षं इथं काढलेले. त्यांनी सांगितलं होतं, "वर्षाला एकशे ऐंशी दिवस भरायलाच लागतात. आणि रिन्यूअलच्या आधीच्या वर्षी तर एकेक दिवस मोजतात हो, कार्ड काढून घेतात." या सहलीच्या आधीच्या वर्षी नानांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे दिवस कमी पडले होते. म्हणून या खेपेला पूर्ण एकशे ऐंशी, असं मी ठरवलं. एक्सेलची शीट केली. तिकीट काढलं ते एकशे एक्क्याऐंशीव्या दिवसाचं.

नानांचीही वही होती. ते पाटबंधारे खात्यात मस्टर कारकून होते. आयुष्य कालव्यावरच्या मजुरांची हजेरी मांडण्यात गेलं. इथंही रोज सकाळी चहा झाला की ते छोट्या वहीत तारीख घालून पुढं 'ह' लिहायचे. ह म्हणजे हजर. एकदा आमचा हिशोब एका दिवसानं जुळेना. मी आल्याचा दिवस पूर्ण धरला होता, त्यांनी धरलाच नव्हता. "विमान दुपारी टेकलं. अर्ध्या दिवसाची पूर्ण हजेरी मी कधी मांडली नाही," म्हणाले. मी देसाई काकांचा हवाला दिला तेव्हा कुठं त्यांनी तो दिवस मांडला, तोही नाखुशीनं.

एकशे एकोणसत्तराव्या दिवशी मी ऑफिसात असताना कराडहून सुनीलचा फोन आला. सुनील म्हणजे माझ्या अक्काआत्याचा मुलगा. आत्या नानांपेक्षा सहा वर्षांनी मोठी. आजी लवकर गेली, तेव्हा नानांना तिनंच वाढवलं. कराडात दोघांची घरं दोन गल्ल्या सोडून, आणि नाना रोज पाच वाजता तिच्याकडे चहाला जाणार म्हणजे जाणार. इथं असले की सकाळी साडेआठला फोन लावायचे. तेव्हा तिकडं संध्याकाळ असते.

"विजूदादा, आईचं काही खरं नाही," सुनील म्हणाला. "डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलंय. आठ दिवस, फार तर दहा. सारखी मामांना विचारतीय. मी सांगू का त्यांना, तू सांगतोस?"

"मी सांगतो," मी म्हणालो. "तू फोन करू नकोस त्यांना."

घरी आल्यावर मृणालला, माझ्या बायकोला, सांगितलं. ती म्हणाली, "उद्याचं तिकीट बघ." मी म्हणालो, "अकरा दिवस तर राहिलेत."

मी लॅपटॉप उघडला. तिकीट न बघता वरच्या टोकाची हॉटेलं बघत बसलो. तिकडं फोनला सिग्नल नसतो, हे मला माहीत होतं.

दिवस १७०

सकाळी चहाच्या वेळी मी नानांना सांगितलं, की अक्काआत्याचा घसा पार बसलाय, डॉक्टरांनी आठ-दहा दिवस एक शब्द बोलू नको म्हणून सांगितलंय, तेव्हा फोन करू नका.

"अक्का? आठ दिवस गप्प?" नाना एवढे हसले की चहा बशीत सांडला. "त्या डॉक्टरचा सत्कार करा रे कुणीतरी!"

मग मी रजा काढल्याचं सांगितलं. आपण दोघंच फिरायला जातोय. ते माझ्याकडे बघत राहिले. "माझ्यासाठी?" म्हणाले. इतक्या वर्षांत मी त्यांच्यासाठी शनिवार-रविवार सोडून रजा घेतली नव्हती. पाच मिनिटांत कानटोपी, मफलर, डिंकाच्या लाडवांचा डबा असं सगळं दाराशी आणून ठेवलं. वहीसुद्धा.

ट्रॉयहून उत्तरेला साडेचार-पाच तास सरळ गाडी हाकली की मॅकिनॉचा पूल लागतो. पाच मैलांचा. मधल्या लेनला डांबर नाही, लोखंडी जाळी आहे, चाकांचा घूंऽ असा आवाज येतो आणि खाली बघितलं तर पाणी दिसतं. नानांनी खिडकी उघडायला लावली. "काय रे विजू, हे बांधताना मस्टरवर किती माणसं असतील?" पलीकडच्या सेंट इग्नेसला मुक्काम केला. तळ्यातल्या व्हाइटफिश नावाच्या माशाची तिथं ख्याती आहे. आम्ही शाकाहारी, म्हणून मक्याचं सूप आणि ब्रेड. लाडू होतेच.

दिवस १७१

म्युनिसिंगहून दुपारी बोट निघते. सुपीरियर तळ्याच्या काठानं मैलच्या मैल दगडी कडे आहेत आणि त्यांवरून पाणी झिरपून रंगांचे ओघळ आलेत. लोखंडाचा तांबडा, तांब्याचा हिरवा, मधूनच शाईसारखा काळा. वरती मेपलची झाडं लाल-पिवळी झालेली. तळं म्हणायचं, पण पलीकडचा काठ दिसत नाही. फोटो याच दिवसाचे जास्त आहेत. मफलर भिजलाय, चष्म्यावर थेंब आहेत आणि नाना लहान पोरासारखे हसताहेत, तो फोटो तुम्ही पाहिला असेल.

बोटीतून उतरल्यावर ते हळूहळू पाण्याच्या कडेला गेले, वाकले, ओंजळभर पाणी घेऊन प्यायले.

"नाना, अहो!"

"गोडं आहे रे," ते म्हणाले. "एवढं गोडं पाणी, आणि एकसुद्धा कालवा नाही काढला?" खात्यातल्या माणसाचं दुःख होतं ते.

संध्याकाळी मोटेलमध्ये ते पाय शेकत बसले होते. मी गाडीतून बॅगा आणायला गेलो तेव्हा फोन वाजला. सुनीलनं आवाज रेकॉर्ड करून पाठवला होता. आत्याचा. चौदा सेकंदांचा. "नाना कुठंय? चहा निवतोय म्हणावं." एवढंच, आणि मग तिचा श्वास.

पार्किंगमध्ये उभं राहून मी तो तीनदा ऐकला. खोलीत जाऊन दरवाजा उघडला तर नाना म्हणाले, "किती वेळ रे! मला वाटलं अस्वलबिस्वल आलं." मी म्हणालो, "डिकी लागत नव्हती." तेव्हा सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी डेट्रॉइटहून विमान मिळालं असतं. मी विमानांच्या वेळा पाहिल्यासुद्धा होत्या. हे कुणाला ठाऊक नाही, मृणाललाही नाही.

दिवस १७३

हॅनकॉकजवळ तांब्याची जुनी खाण आहे. आत ऐन उन्हाळ्यातही फ्रीजसारखी थंडी असते, तेव्हा जाणाऱ्यांनी स्वेटर न्यावा. बाहेरच्या खोलीत एका फळीवर खिळ्यांना पितळेचे नंबर घातलेले बिल्ले टांगलेत. खाणीत उतरताना कामगार आपला बिल्ला घेऊन जाई, वर आला की परत टांगी. संध्याकाळी जो खिळा रिकामा, तो माणूस अजून खाली. नाना त्या फळीपुढून हलेनात. "हे मस्टर आहे रे! बिनकागदाचं मस्टर!" तिथल्या मुलीलाही मराठीत सांगून झालं.

मग बाकावर बसले आणि आपणहून बोलायला लागले.

"आमच्याकडे रोजंदारीच्या माणसाचे वर्षात दोनशे चाळीस दिवस भरले की त्याला कायम होण्याचा हक्क लागायचा. म्हणून साहेब लोक दोनशे तीस झाले की काहीतरी काढून ब्रेक द्यायचे. पाटोळे म्हणून एक होता, दगड फोडायला. त्याचे दोनशे एकतीस झाले, आणि गावाहून निरोप आला, आई अत्यवस्थ आहे. माझ्यापुढं येऊन उभा राहिला. म्हणाला, भाऊसाहेब, नऊ दिवस राहिलेत, काय करू?"

"मग?"

"मी म्हटलं, तू जा. आणि नऊ दिवस त्याची हजेरी मांडली. आयुष्यात तेवढी एकच खोटी हजेरी. तपासणी आली असती तर नोकरी गेली असती. तू तेव्हा पाचवीत होतास. तुझ्या आईलासुद्धा सांगितलं नाही मी."

"वाचली का त्याची आई?"

"ते मी विचारलंच नाही. परत आला तेव्हा डोकं भादरलेलं होतं. आल्या आल्या घमेलं उचललं." नानांनी गुडघा चोळला. "पण होता तो तिथं."

मी त्यांचा स्वेटर नीट केला आणि म्हणालो, चला, भूक लागली असेल.

खाणकामगारांचं खाणं म्हणजे पेस्टी. इंग्लंडातून आलेल्या मजुरांनी आणलेलं, आता गल्लोगल्ली मिळतं. आपली करंजीच, पण हाताच्या पंज्याएवढी आणि तिखटमिठाची. मांसाशिवायचीही करतात, बटाटा, कांदा, गाजर आणि सलगमसारखा एक कंद घालून. दुकानातली बाई सत्तरीची, आजोबा फिनलंडहून खाणीत आलेले. तिनं नानांना मुरड दाखवली. नाना म्हणाले, "अक्का यापेक्षा नाजूक घालते, पण चालेल." मी भाषांतर केलं. बाई खूश झाली. किती दिवस आहात इकडे, तिनं विचारलं.

नानांना हे इंग्रजी येत होतं. "वन एटी डेज," ते म्हणाले आणि माझ्याकडे बोट केलं. "माय सन काउंट्स."

बाई खळखळून हसली. "म्हणजे तुरुंगच की! मग सुटका कधी?"

"सेव्हन डेज," नाना म्हणाले, आणि तिच्याबरोबर हसले.

दिवस १७६

कॉपर हार्बरला रस्ता संपतो. पुढं फक्त झाडी आणि पाणी. फोनचा एकही दांडा येत नाही. आम्ही तिथं लाकडी खोपटासारख्या एका खोलीत तीन रात्री राहिलो. मालकानं शेगडीला लाकडं दिली होती, त्यावर नाना रोज पिठलं करायचे. पीठ घरून आणलं होतं. डोंगरमाथ्यावर गाडी जाते, तिथून पानगळीचं सगळं रान एका वेळी दिसतं. जरूर जा. सकाळी लवकर गेलात तर धुकं खाली असतं.

त्या दिवशी किनाऱ्याजवळ वळवताना माझी गाडी वाळूत रुतली. साडेअकराचा सुमार. चाकं फिरवावी तितकी खाली जात होती. फोन लागत नव्हता. नाना म्हणाले, "चाकाखाली फांद्या घाल. कालव्यावर आमची जीप रोज रुतायची." मी फांद्या गोळा केल्या. जमेना. अडीच-तीन तासांनी एक पिकअप आला. त्यातल्या दाढीवाल्या माणसानं काही न विचारता साखळी लावली, गाडी ओढून काढली, पैसे घेतले नाहीत. नानांनी त्याच्या हातावर लाडू ठेवला. त्यानं वास घेतला, एक घास खाल्ला आणि उरलेला टोपीत ठेवला.

मधल्या वेळात आम्ही एका ओंडक्यावर बसून होतो. वारा होता. नाना म्हणाले, "विजू, इतका वेळ आपण दोघं शेवटचे कधी बसलो होतो रे?" मला आठवेना. "बरं झालं रुतली," ते म्हणाले.

दिवस १७७ ते १७९

दुसऱ्या दिवशी खाली उतरताना हॅनकॉकच्या चढावर फोन एकदम वाजू लागला. सुनीलचे नऊ मेसेज. आदल्या रात्री दहा वाजता आत्या गेली होती. तिकडचे रात्रीचे दहा म्हणजे आमच्याकडचे दुपारचे साडेबारा. तेव्हा मी फांद्या गोळा करत होतो.

"कुणाचं एवढं?" नानांनी विचारलं.

"ऑफिसचं," मी म्हणालो.

आता सांगून काय होणार, असं मी स्वतःला सांगितलं. तीन दिवस हेच एक वाक्य. आधी अकरा दिवसांचं निमित्त होतं, आता तेही उरलं नव्हतं. मला त्यांच्या तोंडाकडे बघायची भीती वाटत होती, एवढंच खरं कारण. रस्त्यात रानबोरांचा जॅम विकणारं एक दुकान लागलं. थिंबलबेरी म्हणतात त्या फळाला, मिशिगनात फक्त तिकडंच होतं, आंबटगोड असतं. नानांनी दोन बाटल्या घेतल्या. "एक सुनीलच्या पोरांना. एक अक्काला. घशाला बरं." मी बाटल्या कागदात गुंडाळून दिल्या.

वाटेतल्या मार्केट नावाच्या गावात त्यांनी दाढी-कटिंग करून घेतली. देशातल्यासारखं डोकं रगडून देत नाहीत, अशी तक्रार केली. परत येताना पुलावर पुन्हा खिडकी उघडली.

दिवस १८०

दुपारी ट्रॉयला पोचलो. मृणालनं दार उघडलं आणि नुसती माझ्याकडे बघत राहिली. चहा झाला. मग मी सांगितलं. अक्काआत्या गेली, चार दिवस झाले.

नानांनी कप बशीत ठेवला. म्हणाले, "तुला कधी कळलं?"

"आज. आत्ताच. तिकडं सिग्नल नव्हता ना."

"हो. नव्हता," ते म्हणाले.

मग उठले, डोक्यावरून आंघोळ केली. बाहेर आले ते ओल्या केसांनी. केसांवरून हात फिरवत म्हणाले, "सुतकात कटिंग केली मी. जॅम घेतला. पुलावर हसलो." मृणाल स्वयंपाकघरात रडत होती. दुसऱ्या दिवशी ठरल्याप्रमाणे, एकशे ऐंशी दिवस भरून, ते गेले. विमानतळावर त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. नेहमीइतकाच वेळ.

नंतर

जानेवारीत मी रिन्यूअलचा फॉर्म भरायला घेतला. एक्सेलची शीट शेजारी उघडून ठेवली होती. नाव, पत्ता, कार्डाचा नंबर, उंची, डोळ्यांचा रंग. पानं संपली. दिवसांचा रकानाच नव्हता. मला वाटलं मीच चुकीचा फॉर्म उघडलाय. वकिलाला फोन केला. तिनं शांतपणे सांगितलं, "कार्ड रिन्यू करताना दिवस मोजत नाहीत. मोजतात ते सिटिझनशिपला. सलग फार काळ बाहेर राहिलं तर प्रश्न येतात, पण तुमचे वडील दोन आठवडे जाऊन परत आले असते तरी काहीच बिघडलं नसतं."

इतकी वर्षं मी हे कुणालाच का विचारलं नाही? देसाई काकांना दोष देऊन उपयोग नाही, त्यांनाही कुणीतरी तसंच सांगितलं असणार. खरं म्हणजे मला विचारायचंच नव्हतं. आत्या गेली की नाना तिथून हलणार नाहीत, आणि माझ्याकडे त्यांना बोलवायला कार्डाखेरीज दुसरं कारण नव्हतं. या म्हणायला मला कारण लागत होतं.

एप्रिलात ते आले नाहीत. "आता नको रे," म्हणाले. कार्डाची मुदत संपली. फोनवर ते हवा विचारतात, बर्फ पडला का विचारतात. सुनील सांगतो, अजून पाच वाजता येतात, चहा घेतात आणि जातात. "मी काही बोललो नाही दादा त्यांना," तो म्हणतो. "तुझं तू बघ."

जूनमध्ये मी त्यांच्या खोलीतला खण उघडला. अगदी वर त्यांची वही होती. विसरली असेल असं आधी वाटलं. पानं उलटली. एप्रिलपासून रोजची तारीख, रोजचा ह, एका उंचीचा, एका ओळीत. शेवटच्या पानावर, मी घसा बसल्याचं सांगितलं त्या सकाळपासून पुढचे अकरा ह लाल पेन्सिलीनं खोडलेले होते. प्रत्येकावर बारीक अक्षरात लिहिलं होतं, खाडा. पुलाच्या दिवशी खाडा, बोटीच्या दिवशी खाडा, वाळूच्या दिवशी खाडा. खाली बेरीज केली होती. एकशे एकोणसत्तर. पुढं सही.

आयुष्यभर हजेरी मांडलेला माणूस. त्यांना काय कळायचं ते आम्ही परत आलो त्याच संध्याकाळी कळलं होतं, आणि कळल्यावरही त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला होता.

मंडळाचा अंक मी दरवर्षी कराडला पाठवतो. नाना तो पहिल्या पानापासून पेन्सिल घेऊन वाचतात, जाहिरातींसकट, आणि चुका काढून ठेवतात. या वर्षीही पाठवणार आहे. नाना, आत्याचा आवाज आहे माझ्याकडे, चौदा सेकंदांचा, तुमच्यासाठी आहे तो. या डिसेंबरात घेऊन येतो. दिवस न मोजता येतो.

आणि तुमच्या वहीत एक दिवस कमी खोडलाय. मला एकशे एकोणसत्तराव्या दिवशी कळलं होतं.